जिनिंगचं हंगामपूर्व काम : जोखीम-नोंदवहीत सगळंच हिरवं कसं?

पाटचारी
मंडळी, धरणगाव-एरंडोल पट्ट्यातल्या एका जिनिंगची जोखीम-नोंदवही समोर आहे. २४ डबल रोलर जिन (कापसातून सरकी वेगळी करणारी मशिनं), एक बेल प्रेस (रुईच्या गाठी दाबणारं), कापूस ओढणारे दोन मोठे पंखे, सरकीचा स्क्रू कन्व्हेयर आणि सिमेंट पत्र्याचा जुना शेड. दसऱ्याला पूजा होऊन मशिनं फिरतात, त्याआधीचा महिना दुरुस्तीचा. नोंदवहीत ६२ ओळी, शक्यता गुणिले तीव्रता, पाच बाय पाचचा तक्ता. उपायाआधीचे आकडे १२, १६, २०. उपायानंतर सगळे ४ नाहीतर ६, म्हणजे हिरवेगार. उपायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'कामगारांना सूचना दिल्या' किंवा 'हातमोजे पुरवले'.

हे आकडे तपासायचे कसे? दुरुस्तीच्या महिन्यात आधी कुठे बघायचं? आणि मालकापुढे खर्च ठेवताना क्रम काय लावायचा?

रोलर_चाकू
भाऊ, पहिली तपासणी पेन्सिल घेऊन करा. उपायानंतरच्या रकान्यात तीव्रतेचा आकडा उतरलेला दिसला की गोल करा. रोलर आणि स्थिर चाकूच्या मध्ये बोट गेलं की ते गेलंच, दहा वेळा सूचना दिली म्हणून काही चाकू बोथट होत नाही. सूचना, पाटी, प्रशिक्षण यांनी फार तर शक्यता एक पायरी खाली येते, तीही मुकादम शेजारी उभा असेपर्यंत. तीव्रता खाली येते ती ऊर्जाच काढून टाकली किंवा कमी केली तर. म्हणून '४ × ४ = १६' च्या जागी 'सूचना दिल्या, आता २ × २ = ४' असं लिहिलेली ओळ खोटी धरा.

गुणाकारावरही फार भिस्त ठेवू नका. ५ × १ आणि १ × ५ दोन्ही पाचच येतात, पण एकात माणूस मरतो आणि दुसऱ्यात रोज बोटाला खरचटतं. तीव्रता ४ किंवा ५ असलेली प्रत्येक ओळ, गुणाकार काहीही येवो, वेगळ्या पानावर काढा. ते पान खरं कामाचं.

दुसरं, ओळी मशीनच्या नावाने आहेत की कामाच्या? 'डीआर (डबल रोलर) जिन, हात अडकणे' या एका ओळीतून काही कळत नाही. एकाच जिनवर किती वेगवेगळी कामं चालतात बघा: चालू मशीनवर कापूस सारखा करणं, गुंता काढणं, सरकीची जाळी मोकळी करणं, चाकूचं सेटिंग, रोलर काढणं-बसवणं, ग्रूव्हिंग (रोलरच्या चामड्यावर खाचा पाडणं), ग्रीस, झाडलोट. प्रत्येकात हात वेगळ्या जागी असतो. चामड्याचे दोन रोलर, प्रत्येकावर दाबून बसवलेला स्थिर चाकू आणि मधे वर-खाली हलणारा बीटर. रोलर तंतू ओढून चाकूखालून नेतो, बीटर सरकी झटकतो, सरकी जाळीतून खाली पडते. कापूस ओला असला किंवा काडी-खडा आला की जाळी चोंदते, आणि माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. मशीन बंद केलं तरी रोलर काही वेळ फिरत राहतात. ढणढणाट थांबला म्हणजे फिरणं थांबलं असं कानाला वाटतं, आणि घात होतो तो याच वेळी.

आणि हातमोजे! फिरत्या रोलरजवळ हातमोजा हा उपाय नाही, तोच धोका आहे. मोज्याचं टोक पकडलं गेलं की मोजा हातासकट आत जातो. गमछा, सैल बाही, पदर यांचंही तेच. ती ओळ नोंदवहीतून खोडाच. मोजे गाठींच्या तारा-पट्ट्या हाताळताना आणि पत्रे उचलताना हवेत.

तीन_फेज
वर लिहिलंय ते सगळं खरं, पण हंगामपूर्व महिन्यात पहिला नंबर वीज तोडून कुलूप लावण्याचा. कारण या महिन्यात गार्ड निघालेले असतात आणि माणसं मशीनच्या आत हात घालूनच काम करतात.

लाल बटण दाबणं म्हणजे वीज तोडणं नाही. बटणाने फक्त कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधल्या चुंबकी स्विचची) कॉइल सुटते. कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर मोटर चालूच राहते. स्टार्टरला बटणांऐवजी साधा ऑन-ऑफ स्विच लावलेला असेल तर अजून वाईट: लाईट जाते, सगळे विसरतात, लाईट येते आणि मोटर आपोआप फिरते. लोडशेडिंगच्या गावात असा स्विच ठेवूच नये. होल्डिंग कॉन्टॅक्टचं बटण-स्टार्टर असलं की वीज परत आल्यावर पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं. ओव्हरलोड रिले 'ऑटो'वर आहे का तेही बघा, तो 'मॅन्युअल'वर हवा.

कामाचा क्रम असा. आजूबाजूच्यांना सांगा. मशीन थांबवा. त्या मशीनचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) पाडा आणि हँडलच्या भोकात कुलूप घाला. जो आत हात घालणार त्याचंच कुलूप, चावी त्याच्याच खिशात, दुसरी चावी नाही. कुलपाबरोबर टॅग: कोण, कशासाठी, कधीपासून. ऑटोफीडरला वेगळी गिअर मोटर असेल तर तिचाही आयसोलेटर पाडा, तो बहुतेक ठिकाणी विसरला जातो. मग टेस्टर आधी चालू लाईनवर तपासा, तोडलेल्या तिन्ही फेजवर लावा, परत चालू लाईनवर तपासा. नाहीतर मेलेला टेस्टर सगळंच 'डेड' दाखवतो. शेवटी सगळ्यांना बाजूला करून हिरवं बटण दाबून बघा. फिरलं नाही तरच पाना हातात घ्या.

'फ्यूज काढून खिशात ठेवतो' हे सांगणारे भेटतील. दुसऱ्याच्या खिशातही तसलाच फ्यूज असतो.

कपॅसिटर पॅनेल वेगळं धरा. वीज तोडल्यावर डिस्चार्ज रेझिस्टर शाबूत असेल तर व्होल्टेज काही मिनिटांत उतरतं, पण तो जळालेला असू शकतो. वाट बघा, मोजा, मग शॉर्ट करा.

बोदवडी
पुस्तकी झालं हे. २४ जिनांचे स्टार्टर एका लाईनीत, आयसोलेटर एकच, इनकमरचा (बाहेरून येणाऱ्या मुख्य विजेचा). प्रत्येक जिनला वेगळा आयसोलेटर बसवायचा तर पॅनेलच नवीन करावं लागेल. मालक म्हणेल, हंगाम चार-पाच महिन्यांचा, भाव कसा राहील माहीत नाही, तू कुलपं मोजत बस.

तीन_फेज
बरोबर बोललात, म्हणून दोन टप्पे करा. सगळी मशिनं एकदम उघडलेली असतात त्या तीन आठवड्यांत इनकमर पाडून एकच कुलूप लावा, त्याची चावी एका छोट्या पेटीत टाका, आणि पेटीला काम करणाऱ्या प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. शेवटचा माणूस कुलूप काढत नाही तोवर चावी बाहेर येत नाही. वेल्डिंग आणि ग्राइंडरला वेगळ्या बोर्डावरून वीज द्या, त्या बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच.

अडचण येते ती ट्रायलच्या आठवड्यात. सात नंबर चालवून बघायचं असतं आणि आठ नंबरवर फिटर अजून चाकू लावत असतो. तेव्हा इनकमर चालू करावाच लागतो. म्हणून वेगळे आयसोलेटर लागतातच, पण सगळे याच वर्षी नकोत. ट्रायल चार-चारच्या गटात घ्या, गटागटाला एक स्विच-फ्यूज युनिट बसवा. २४ ऐवजी सहा. पॅनेलला हात लावायची गरज नाही.

अनेर
गार्डबद्दल कोणी बोललं नाही. पट्ट्यावर जाळी आहे एवढं बघून टिक केली जाते. जाळीचं भोक आणि जाळीपासून पट्ट्याचं अंतर, दोन्ही मोजा. आयएसओ १३८५७ मध्ये लांबट फटीसाठी सरळ आकडे आहेत: फट ८ ते १० मिलिमीटर असेल तर धोक्याची जागा किमान ८० मिलिमीटर आत हवी, १० ते १२ असेल तर १००, १२ ते २० असेल तर १२०. फट २० च्या वर गेली की आकडा एकदम ८५० वर उडी मारतो, कारण मग अख्खा हात खांद्यापर्यंत आत जातो. आपल्याकडे गार्डला शेतकुंपणाची जाळी वेल्ड केलेली असते. भोक ५० मिलिमीटरचं आणि पट्टा दोन इंचांवर. ही जाळी कोंबडी अडवेल, हात नाही.

गार्ड कसा बसवलाय तेही बघा. चार नट काढून ग्रीस मारावं लागत असेल तर दुसऱ्या आठवड्यात तो गार्ड भिंतीला टेकवलेला दिसणार. ग्रीस निपलला तांब्याची नळी लावून तोंड गार्डबाहेर काढा. गार्ड काढायचं कारणच राहत नाही, आणि ही शंभर सूचनांपेक्षा भारी.

सरकीचा स्क्रू कन्व्हेयर मी जिनपेक्षा वर धरतो. जमिनीलगत असतो, वरून ये-जा चालते, चोंदला की झाकण उचलून पायाने ढकलायची सवय असते. झाकण पाना लावल्याशिवाय निघणार नाही असं बोल्टने बसवा. जिथे वारंवार उघडावंच लागतं तिथे बिजागरीचं झाकण आणि इंटरलॉक (झाकण उघडलं की मशीन थांबवणारा स्विच). पण इंटरलॉक म्हणजे कुलूप नव्हे. आत हात घालायचा तर आयसोलेटर पाडायचाच. बाजूने ओढदोरीचा स्टॉप लावत असाल तर दोरी सैल पडली किंवा तुटली तरी मशीन थांबेल अशा जातीचा स्विच घ्या.

रोलर_चाकू
एक जोड. जुन्या रोलरचं ग्रूव्हिंग बऱ्याच ठिकाणी शेडच्याच कोपऱ्यात होतं. ते क्रोम चामडं आहे, धूळ तोंडावर बसते. ग्रूव्हिंग मशीनच्या कटरजवळच सक्शन घ्या, धूळ उडाल्यावर पंखा लावून उपयोग नाही. रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. एन ९५ सारखा मास्क हवा. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते म्हणणारा कामगार 'थंडी बाधली' म्हणून सोडू नका. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या रोगाची सुरुवात तशीच असते.

दीपनगरी
दुरुस्तीच्या महिन्यात जीव घेणाऱ्या गोष्टी जिनमध्ये नसतात, छपरावर असतात. पावसाळ्यात गळणारे सिमेंट पत्रे बदलायला माणूस वर जातो. जुना पत्रा दिसायला दगडासारखा, पण दोन पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या तुळयांच्या) मधे पाय पडला की क्षणात फुटतो. उजेडासाठी मधे बसवलेले फायबरचे पत्रे तर धूळ आणि शेवाळाने ओळखूच येत नाहीत. 'बोल्टच्या लाईनवरून चालायचं' हा उपाय सगळीकडे सांगितला जातो आणि तो उपाय नाही. बोल्टवरून घसरलेला पाय पत्र्यावरच पडतो.

आधी विचारा, वर जायलाच हवं का? खालून मचाण किंवा उचलणारा प्लॅटफॉर्म लावून पत्रा बदलता येतो का? नसेल तर पर्लिनवर टेकतील अशा निदान दोन चालायच्या फळ्या, एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. कामाच्या खाली जाळं. पूर्ण शरीराचा हार्नेस, पण त्याचा हूक कशाला अडकवणार ते आधी ठरवा. पत्र्याच्या हूक-बोल्टला नाही, गॅल्व्हनाइज्ड पाइपाला नाही, ट्रसला बांधलेल्या लाइफलाइनला. शिडी चारास एक, म्हणजे चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर, वरचं टोक एक मीटर पुढे निघालेलं आणि बांधलेलं. वारा सुटला किंवा पत्रा ओला असला तर काम बंद. जुना पत्रा बहुतेक ॲस्बेस्टॉसचा. तो ग्राइंडरने कापू नका, वरून फेकूही नका; ओला करून अख्खा उतरवा.

वेल्डिंगला लेखी परवाना, त्या दिवसापुरता आणि त्या जागेपुरता. ११ मीटरच्या घेऱ्यात रुई, सरकी, धूळ काही नको. हलवता येत नसेल तर न जळणाऱ्या कापडाने झाका. डक्टवर वेल्डिंग असेल तर डक्टच्या दुसऱ्या टोकाला काय साचलंय ते आधी बघा, ठिणगी आतून प्रवास करते. काम संपल्यावर एक माणूस निदान तासभर तिथेच बसवा. रुई लगेच भडकतेच असं नाही, बरेचदा आधी धुमसते. पाच वाजता वेल्डिंग संपतं, सव्वापाचला सगळे घरी, आणि आग रात्री दिसते. ऑक्सिजन आणि डीए (ॲसिटिलीन) सिलेंडर उभे, साखळीने बांधलेले, दोन्ही होजला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी जाऊ न देणारा).

पाटचारी
प्रेसच्या ओळी पाठवल्या नव्हत्या. हायड्रॉलिक, एक पिस्टन, गाठ १७० किलोची. नोंदवहीत एवढंच: 'तेलगळती, घसरणे, ६'.

तापीपार
तेलगळतीत घसरणं सगळ्यात कमी. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार बोट लावून शोधली तर ती कातडी भेदून आत जाते. जखम सुईएवढी दिसते, दुखतही नाही, म्हणून माणूस काम करत राहतो आणि काही तासांत हात सुजून काळा पडतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा, हाताने नाही. असं झालंच तर 'साधं टोचलंय' न म्हणता थेट शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला तेल आणि प्रेशर दोन्ही सांगा.

देखभालीला पंप बंद करणं पुरेसं नाही. वर उचललेल्या भागाखाली जाण्याआधी लोखंडी आधार लावा, मग प्रेशर शून्यावर आणा, गेज बघा. अ‍ॅक्युम्युलेटर (प्रेशर साठवणारी टाकी) असेल तर तोही रिकामा करा. गेजचा काटा अडकलेला नाही हे प्रेस चालू असताना तपासून ठेवा. रिलीफ व्हॉल्व्हला सील हवं. प्रेशर वाढवून गाठ जास्त आवळायचा मोह कुणालाही होतो.

दोन हातांची बटणं असतील तर ती किती लांब आहेत ते मोजा. आयएसओ १३८५५ चा हिशोब: १६०० मिलिमीटर प्रति सेकंद गुणिले थांबायला लागणारा वेळ, अधिक २५०. प्रेस ०.३ सेकंदात थांबत असेल तर ४८० अधिक २५०, म्हणजे ७३० मिलिमीटर. बटणं त्याहून जवळ असतील तर ती शोभेची. आणि एक बटण लाकडाच्या फाचरीने दाबून ठेवलेलं आहे का तेही बघा. दोन्ही बटणं एकदम दाबली आणि प्रत्येक वेळी सोडून पुन्हा दाबली तरच चालेल अशी वायरिंग असली की फाचर चालत नाही.

गाठीची तार तोडताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला. चष्मा हवा.

१९४८च्या कारखाना कायद्यातलं कलम २७ या शेडसाठीच लिहिलं होतं असं वाटावं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कापूस दाबायच्या कारखान्यात कॉटन-ओपनर (कापूस मोकळा करणारं मशीन) चालतो त्या भागात बाई किंवा मूल कामाला नको असं ते कलम सांगायचं; मात्र ओपनरचं भरायचं टोक आणि बाहेर पडायचं टोक यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षक सांगेल तेवढ्या उंचीची भिंत असेल तर भरायच्या बाजूला चालायचं. ती 'तात्पुरती' भिंत ताडपत्रीची आहे का ते बघा.

खापरची_पोळी
आगीवर एक मुद्दा, बाकी सगळे जाणतात. कापसाला लागलेल्या आगीवर डीसीपी (कोरडी रासायनिक) पावडर मारली की वरची ज्वाळा जाते आणि आतली धग राहते. पावडर विजेच्या पॅनेलसाठी. ढिगाला पाणी, भरपूर, आणि ढीग उपसून. धूर दिसला की पहिलं काम पाईप शोधणं नाही, प्रेसकडे नेणारा पंखा बंद करणं. नाहीतर जळता तंतू डक्टमधून थेट गाठीत जातो. त्या वेळी प्रेसमध्ये असलेली आणि आधी-नंतरच्या काही गाठी संशयित धरा, शेडबाहेर उघड्यावर, इतर गाठींपासून दूर, निदान पाच दिवस ठेवा. गाठीच्या पोटात धग दिवसचे दिवस टिकते. गोदामात रचल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो.

बाकी पटकन: ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, कापूस ओढायच्या तोंडाशी चुंबक, मोटरच्या पंख्यावर चिकटलेली रुई रोज काढणं. ढिगांमधे मोकळ्या वाटा आणि ढिगाच्या सावलीला झोपायला मनाई. ट्रॅक्टर मागे येतो तेव्हा चालकाला ढिगाचा पायथा दिसत नाही. मागे घेताना खाली एक माणूस, त्याच्या हाताच्या इशाऱ्याशिवाय रिव्हर्स नाही.

बोदवडी
आवाजाचं राहिलं. नियमात ८ तासांना ९० डेसिबल, पुढे दर ५ ला वेळ निम्मी. ९५ ला चार तास, १०० ला दोन. जिनच्या ओळीत उभं राहून मोजा, ऑफिसच्या दारात नाही. आणि हंगाम एप्रिलपर्यंत लांबला तर जळगावचं ऊन पण ओळीत घ्या. पत्र्याखाली दुपारी मास्क कोणी ठेवणार नाही, तेव्हा जड काम सकाळी लावा, पाण्याचे माठ मशीनपासून पन्नास पावलांच्या आत.

अनेर
पाटचारी भाऊ, टॅग कुठल्या भाषेत छापणार? हंगामात सातपुड्याकडून पावरा मजूर येतात, काही हिंदी बोलणारे, वाचता येतंच असं नाही. टॅगवर फोटो लावा, ज्याचं कुलूप त्याचा. 'धोका' हा शब्द वाचण्यापेक्षा 'हा माणूस आत आहे' हे लगेच कळतं.

पाटचारी
फोटोचं पटलं, तसंच करतो. खर्चाचा क्रम असा धरतोय: कुलपं, पेटी आणि सहा स्विच-फ्यूज युनिटं आधी, मग स्क्रूचं झाकण आणि ग्रीसच्या नळ्या, पत्र्याचं काम ठेकेदाराला द्यायचं, पण जाळं आणि लाइफलाइन करारात लिहून. हातमोज्यांची ओळ खोडली. एकच शंका. फिटर कुलूप लावून घरी गेला आणि चावी त्याच्या खिशात, तर?

तीन_फेज
आधी फोन. तो शेडमध्ये नाही हे त्याच्याच तोंडून ऐकायचं, 'गेला असेल' चालणार नाही. फोन लागला नाही तर घरी माणूस पाठवा. मग दोन जबाबदार माणसांनी मशीनमध्ये आत डोकावून, हत्यारं मोजून, गार्ड बसलेत ते बघून, वहीत वेळ लिहून कुलूप कापायचं. आणि दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला की मशीनजवळ जाण्याआधी त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलंय. नाहीतर तो आल्या आल्या, आपलं कुलूप लागलेलंच आहे या भरवशावर, हात आत घालेल.